वाघ संपले, बिबट्या चालेल?

मोहर्ली म्हणजे ताडोबाचं दार. राज्यातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, 1955 चं. इथल्या पोराला वाघाचा पट्टा आणि बिबट्याचा ठिपका शिकवावा लागत नाही. शिकवावा लागतो तो चंद्रपूरच्या ड्रेसवाल्याला.

शाळेच्या गॅदरिंगसाठी सहा वाघ सांगितले होते. फोन आला, "वाघ बुक झाले, बिबटे देऊ का? स्टेजवर कोणाला कळते?" अहो, पहिल्या रांगेत गाईड बसतात, दुसऱ्या रांगेत जिप्सीवाले!

खरी कमाल ड्रेसच्या दुसऱ्या गठ्ठ्यात होती. वर चिठ्ठी: 'आदिवासी, 8 नग'. आत प्लास्टिकची पानं, कोंबडीची रंगवलेली पिसं, कवट्यांच्या माळा आणि काळ्या रंगाची डबी. नाचणाऱ्या आठांपैकी पाच पोरं गोंडांची. त्यांना आदिवासी दिसण्यासाठी माणशी दोनशे रुपये भाडं, डिपॉझिट वेगळं. एका पोराची आजी लुगडं नेसून, गळ्यात चांदीची सरी घालून इलॅस्टिकला सेफ्टीपिन लावत होती. नातवाला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "हे कोन्त्या गावचे होत बाप्पा?"

कोणी उत्तर दिलं नाही. पिना कमी पडत होत्या. गोंडांचा रेला नाचायला आजीला विचारावं, हे कोणाला सुचलं नाही. तिच्याकडे भाड्याची पावती नव्हती ना.

बिबटे मात्र छान नाचले. ड्रेस सोमवारी परत द्यायचे आहेत आणि एक शेपूट कमी भरतंय. कोणाच्या घरी गेलं असेल तर कृपया शाळेत आणून द्यावं. डिपॉझिट अडकलंय.