चार आण्यांची कोंबडी आणि पंचाहत्तर वॅट

चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधीपासून मराठीत आहे. त्यावरून आपल्या पूर्वजांना 'अपग्रेड' ही कल्पना ठाऊक होती, असं मानायला जागा आहे. जुना ब्रँडेड पीसी घ्यायचा, 'फक्त एक ग्राफिक्स कार्ड टाकू, मस्त गेम चालतील' म्हणायचं, आणि दोन-तीन महिन्यांत मूळ पीसीपैकी फक्त कंपनीचं स्टिकर शिल्लक उरायचं, हा या व्यवहाराचा ठरलेला मार्ग. या मार्गावर खिशाचं रक्षण करणारी एकच वस्तू त्या डब्यात असते, आणि दुर्दैवाने सगळे शिव्या घालतात तीही तिलाच. ती वस्तू म्हणजे कंपनीने दिलेला, पीसीला वीज पुरवणारा कंजूष एसएमपीएस. त्याच्या बाजूने कोणी वकीलपत्र घेतलेलं दिसत नाही, म्हणून मी घेतो.

हवेत बोलायला नको, म्हणून डेलचा ऑप्टिप्लेक्स ९०२० समोर ठेवू. २०१३ सालचं मॉडेल, इंटेलच्या चौथ्या पिढीचा प्रोसेसर, बहुतेकदा चार कोअरचा आय-फाइव्ह. हा पिंडाने कारकून. उमेदीची वर्षं एक्सेलच्या रकान्यांत घालवायची आणि मग कंपनीने नवा माल घेतला की गठ्ठ्याने निवृत्त होऊन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसला 'रिफर्बिश्ड' या भारदस्त नावाने पुन्हा उभं राहायचं, हे त्याच्या जातीचं प्राक्तन. कारकुनाचा डबाही मोजका असतो. ९०२०च्या मोठ्या कॅबिनेटमध्ये २९० वॅटचा एसएमपीएस मिळतो, बुटक्या कॅबिनेटमध्ये २५५ वॅटचा. त्यातून ग्राफिक्स कार्डासाठी वेगळी वायर निघत नाही. कार्डाने मदरबोर्डाच्या खाचेतून मिळेल तेवढ्यावर भागवायचं, आणि ती खाच जास्तीत जास्त ७५ वॅट देते. वरून भात वाढायची सोय नाही.

आता हिशेब करू. आय-फाइव्ह ४५७०ची कमाल भूक ८४ वॅटच्या आसपास. कार्डाचे ७५ धरले की १५९ झाले. डिस्क, रॅम, पंखे यांना तीसेक द्या. बेरीज दोनशेच्या आतच राहते. म्हणजे ज्याला आपण उपाशी समजत होतो तो एसएमपीएस ७५ वॅटच्या कार्डासकट सुखाने संसार करू शकतो. आणि ७५ वॅटमध्ये काय मिळतं? २०१६ची जीटीएक्स १०५० टीआय मिळते, २०१९ची जीटीएक्स १६५० मिळते, आणि ७० वॅटवर भागवणारी २०२४ची आरटीएक्स ३०५० सुद्धा, फक्त ती ६ जीबीवाली हवी. बुटक्या कॅबिनेटसाठी अर्ध्या उंचीची कार्डं येतात. १६५०मध्ये काही कार्डांना वेगळी सहा पिनांची वायर लागते, ती दुकानातच ओळखून परत ठेवावीत. आणि 'जीटीए फाइव्ह' पीसीवर २०१५ साली आला तेव्हा त्याच्या निर्मात्यांनी शिफारस केली होती ती तिसऱ्या पिढीच्या आय-फाइव्हची आणि २ जीबीच्या जीटीएक्स ६६०ची. आपला कारकून त्या प्रोसेसरच्या एक पिढी पुढचा आहे, आणि १६५० तर ६६०ला सहज मागे टाकते. म्हणजे ज्या खेळासाठी पोरं रात्री जागवतात, तो हा खर्डेघाशी करणारा डबा निर्मात्यांच्याच मोजपट्टीने उत्तम चालवेल.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो सगळ्यांत धोकादायक, कारण तो स्वस्त दिसतो. 'एसएमपीएसच बदलून टाकू, साडेपाचशे वॅटचा घेऊ, मग हवं ते कार्ड लावू.' बाजारातल्या एसएमपीएसच्या मुख्य वायरीला २४ पिना असतात आणि ९०२०च्या मदरबोर्डाला हव्या ८. ही कंपनीची निव्वळ खोडी आहे असं मी म्हणणार नाही. हा बोर्ड फक्त १२ व्होल्ट मागतो आणि बाकीचे व्होल्ट स्वतः बनवतो, त्यात वीज वाचते. २४चं ८ करणारी पट्टीही बाजारात मिळते. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या आक्षेप बरोबर आहे, चुकतं ते त्याच्या पुढे. मोठं कार्ड आलं की ते मोठ्या जावयासारखं वागतं. आधी बसायला जागा नाही म्हणतं, म्हणून नवं कॅबिनेट. नव्या कॅबिनेटमध्ये कंपनीच्या बटणांची वायर बसत नाही, म्हणून नवा मदरबोर्ड. नव्या मदरबोर्डात जुना प्रोसेसर जात नाही आणि जुनी डीडीआर-थ्री रॅमही जात नाही. पट्टी काही शेकड्यांची होती, पण तिच्या पाठीमागून अख्खा असेंबल्ड पीसी आत शिरला, आणि शेवटी जुन्या मशीनमधून नव्यात गेली ती फक्त हार्ड डिस्क, जी मुळात बदलायला हवी होती. ७५ वॅटची मर्यादा ही साखळी पहिल्याच कडीला तोडते. ज्याला स्वतःला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्या वतीने ते म्हणणारं यंत्र मिळणं ही भाग्याची गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप शहाण्यांचा. ते 'बॉटलनेक' हा शब्द उच्चारतात आणि गप्प बसतात, जणू वैद्याने नाडी पाहून मान हलवावी. जुना प्रोसेसर नव्या कार्डाला पुरेसं काम पुरवू शकत नाही, असा त्याचा अर्थ. खरं आहे, पण हे दुखणं कार्ड किती मोठं त्यावर वाढतं. ७५ वॅटच्या कार्डाबरोबर १०८० पिक्सेलवर बहुतेक जुन्या खेळांत आधी कार्डच दमतं, प्रोसेसर नव्हे. शिवाय डब्याबरोबर आलेला मॉनिटर सेकंदाला ६० चित्रांपलीकडे दाखवत नसेल, तर १४४चा ध्यास हा बंद घड्याळाला सेकंद काटा लावण्यासारखा. खरा अडथळा बहुधा वेगळाच निघतो. एसएसडीऐवजी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर गेम सुरू होईपर्यंत चहा होतो, आणि रॅमची एकच कांडी असेल तर प्रोसेसर दोन वाटा असून एकाच वाटेने धावतो. म्हणून पैसे थोडे असतील तर क्रम असा: आधी एसएसडी, मग रॅमची जोडी, मग कार्ड. लोक नेमकं उलटं करतात. एसएसडी कोणाला दाखवता येत नाही ना.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मी हात टेकतो. नवे खेळ चालणार नाहीत. 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि 'डूम: द डार्क एजेस' हे प्रकाशकिरणांचं गणित करणारं कार्ड सक्तीने मागतात. १६५० तिथे दारातूनच परत फिरते, आणि ३०५० आत गेली तरी चार कोअरचा कारकून धापा टाकतो. १०५० टीआयला तर नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर मिळणं ऑक्टोबर २०२५मध्ये थांबलं, त्यामुळे ती फारच स्वस्त असली तरच घ्यावी. विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीच्या खालच्या इंटेलला घेत नाही, आणि विंडोज १०ची सर्वसाधारण सेवा १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. अशा मशीनवर बँकेचे व्यवहार करू नयेत. लिनक्स टाकून, वाल्व्ह कंपनीच्या प्रोटॉनच्या आधाराने विंडोजचे पुष्कळ खेळ चालवता येतात. मात्र खेळातली लबाडी पकडणारा पहारेकरी प्रोग्रॅम बसवलेले काही ऑनलाइन खेळ तिथे हटून बसतात. ज्याला तेच खेळायचे आहेत त्याने हा लेख इथेच मिटावा आणि पैसे साठवावेत, मी अडवणार नाही.

उरलेल्यांसाठी मात्र २०११च्या 'स्कायरिम'पासून २०१५च्या 'विचर थ्री'पर्यंतचा एवढा मोठा साठा आहे की नोकरी सांभाळून तो संपवायला वर्षं जातील, आणि तोवर आजची महागडी कार्डं लॅमिंग्टन रोडला गठ्ठ्याने येतील. खर्चाची मर्यादा मी अशी घालतो: डबा जेवढ्याला पडला, मसाला तेवढ्याचाच. त्यापुढे गेलं की कोंबडी कोण आणि मसाला कोण हे कळेनासं होतं. एक शेवटचं. कार्ड बसवल्यावर गेम पूर्वीसारखाच रखडला तर दुकानदाराशी भांडायच्या आधी डब्याच्या मागे वाकून पाहा. मॉनिटरची वायर कार्डाला लावायची असते, मदरबोर्डाला नाही.