गच्चीवरची कोजागिरी : विधी व नियम

आश्विन पौर्णिमेच्या रात्री चंद्राला दाखवून आटीव मसाला दूध पिण्याच्या उत्सवास कोजागिरी म्हणतात. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत तो सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाक्या आणि डिश अँटेना सोडून उरलेल्या जागेत होतो. चिनी लोकांचाही असाच एक चंद्रोत्सव त्यांच्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला असतो. तो बहुधा कोजागिरीच्या महिनाभर आधी येतो. २०२५ साली मात्र दोन्ही ६ ऑक्टोबरलाच आले. तिकडे कमळबियांचे गोड सारण आणि कधी मधोमध खारवलेल्या अंड्याचा बलक असलेला मूनकेक कापून घरात वाटतात. चंद्रावर ससा त्यांनाही दिसतो, पण त्यांचा ससा खलबत्त्यात औषध कुटतो. डोंबिवलीत कुटण्याचे काम दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे असते.

किल्ली : गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते. वर्गणीचा कागद प्रथम त्यांच्याकडे न्यावा. वर्गणीची आशा धरू नये.

दूध : १० लिटर दूध आटून साडेसातवर आले की थांबावे, १५० मिलिलिटरचे ५० पेले होतात. पातेल्यात आधी थोडे पाणी फिरवावे, म्हणजे दूध तळाला चटकन लागत नाही. आच मंद ठेवावी. कडेला धरलेली साय उलथन्याने खरवडून परत दुधात सोडावी. खरी चव तिथेच असते. साखर शेवटी घालावी, कारण तिने दूध पुन्हा सैल पडते. चारोळी चाखल्याशिवाय घालू नये. एक खवट मूठ सगळ्या इमारतीला पुरते. जायफळ बेताने. त्याने झोप येते, आणि रात्र जागायची असते.

मार्गदर्शक : प्रत्येक पातेल्याशेजारी एक गृहस्थ उभे असतात. ते ढवळत नाहीत. गॅस बारीक केल्यावर ते ‘गॅस बारीक करा’ म्हणतात. दूध साधले तर ‘लक्ष ठेवलं म्हणून’, लागले तर ‘मी सांगतच होतो’. त्यांना चवीपुरती वाटी द्यावी आणि खुर्ची लांब टाकावी. ते खुर्ची उचलून परत येतात. ज्या वर्षी ते गावी जातात त्या वर्षी दूध उतू जाते, हेही नमूद करणे भाग आहे.

औक्षण : या रात्री घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळतात. अपत्य पन्नाशीचे असले आणि रात्रीच्या कसारा लोकलमध्ये लटकून येत असले, तरी ताम्हन तयार ठेवावे. आई ओवाळताना ते हमखास लाजते.

चंद्र : मुंबई परिसरातून मोसमी पाऊस माघारी फिरण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. कोजागिरी लवकर आल्यास ताडपत्री आणावी. नैवेद्य दाखवताना गच्चीवरची ट्यूब बंद करावी, नाहीतर दुधात तिचेच प्रतिबिंब पडते आणि लोक भक्तिभावाने तेच पितात.

जागरण : रात्री १० नंतर लाउडस्पीकरला कायद्याने बंदी आहे. भेंड्या तोंडी खेळाव्यात. गोड दुधावर भेळ हवीच. भेंड्यांत ‘ण’ आल्यावर ‘न’ चालतो की नाही, हे आधीच ठरवावे. जुनी वैरे इथेच सुरू झाली आहेत.

आवराआवर : पातेले भाड्याचे असते. त्यात रात्रीच पाणी ओतून ठेवावे. हिशेब दुसऱ्या दिवशी फलकावर लावावा. शिल्लक पुढच्या वर्षाच्या खाती टाकावी. तूट आल्यास मार्गदर्शकांचे मत विचारू नये, ते तसेही मिळते.