डोंगराची शंभरी

देवनारच्या कचराभूमीची जन्मतारीख 1927 सालची सांगतात. म्हणजे शंभरी आली. गावोगावी शाळांचे, वाचनालयांचे शतक महोत्सव थाटात होतात. मग जात, धर्म, पक्ष न पाहता अख्ख्या मुंबईने जिला रोज वर्गणी दिली, त्या संस्थेसाठी साधी समितीही नसावी? पालिकेच्याच हिशेबाने 185 लाख टन जमलेत. पावती कुणी मागितली नाही.

आणि संस्था नुसती बसून नाही. रात्रीचा भात, केळ्याच्या साली, मेथीच्या काड्या आपण प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबतो, वर दोन गाठी मारतो. वास नको ना यायला! ती पिशवी ढिगाखाली दबली, की हवेवाचून जगणारे जिवाणू कामाला लागतात. रविवार नाही, महागाई भत्ता नाही, निवडणुकीची ड्युटी नाही. त्यांनी काढलेल्या वायूत साधारण निम्मा मिथेन. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो. टेंडरशिवाय सुरू झालेलं आणि कधीच न रखडलेलं पालिका हद्दीतलं हे एकमेव काम असावं.

जानेवारी 2016मध्ये कीर्ती अंतराळात पोचली. डोंगर पेटला, धूर नासाच्या उपग्रहाला दिसला, आसपासच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली. (गोवंडीच्या शिवाजीनगरला तो धूर आधीपासून दिसत होता, पण ती माणसं इतक्या उंचीवर राहत नाहीत.) मग संशय कुणावर? भंगार वेचणाऱ्यांवर. आपण मारलेल्या गाठी सोडून प्लॅस्टिक वेगळं काढणारा शहरातला जो एकटा माणूस, त्याच्यावर! त्याला अडवायला भिंत, पहारा, कॅमेरे. पेट घेणाऱ्या मिथेनवर गुन्हा दाखल करता येत नाही, त्याला पोलीस तरी काय करणार?

काही खोडसाळ मंडळी अशा वेळी गोराईचं नाव काढतात. तिथला ढीग पालिकेनेच शास्त्रशुद्ध बंद केला, वर आच्छादन घातलं, आत पाइप सोडले, वायू गोळा करून जाळायची सोय केली आणि ती कार्बन क्रेडिटच्या योजनेतही बसवली. म्हणजे हे काम येतं. देवनारला मात्र ‘आधी उद्याचा कचरा कुठे टाकू ते सांगा’ हा बिनतोड सवाल टाकून सगळे चहा प्यायला मोकळे होतात.

ओला-सुका वेगळा करा, असं 2016च्या नियमांनी सांगितलं. आमच्या सोसायटीत हिरवा डबा आहे, निळा डबा आहे, दोन्हींवर सुविचारही आहेत. सकाळी गाडी आली की दोन्ही एकाच पिंपात रिकामे होतात. ‘वेगळं ठेवायचं तुमचं काम, एकत्र करायचं आमचं,’ असं गाडीवरचे दादा म्हणाले. श्रमविभागणी इतकी स्वच्छ असताना शहर अस्वच्छ कसं, कळत नाही.

आता म्हणे डोंगरच उपसायचा. त्यासाठी 2,368 कोटींचं टेंडर निघालं, मुदत तीन वर्षं. मोकळ्या होणाऱ्या जमिनीतला मोठा तुकडा धारावी पुनर्विकासाला, घरं बांधायला. जिवाणूंचं पुनर्वसन कुठे करणार, ते मात्र कागदोपत्री कुठे आढळलं नाही. आणि 1927पासूनच्या रहिवासाचा पुरावा त्यांच्याइतका पक्का तिथे कुणाकडेच नसणार.