प्लास्टिक व रबर विभागास अनावृत पत्र

प्रति,
प्लास्टिक व रबर विभाग, मोटार कारखाना, म्यूनिक.
विषय : 'ई४६' मोटारीच्या तिसऱ्या मालकातर्फे आभारप्रदर्शन.

महोदय,

ई४६ ही बीएमडब्ल्यूच्या ३ सिरीजची चौथी पिढी. सेडान १९९८ ते २००५ या काळात बनली, कापडी टपाची कन्व्हर्टिबल २००० ते २००६ या काळात. सगळ्या प्रकारांच्या मिळून तीस लाखांहून अधिक मोटारी कारखान्याबाहेर पडल्या. अनेक प्रकारांत बॉनेटखाली एका ओळीत सहा सिलिंडर, ताकद बहुधा मागच्या चाकांना आणि वजन पुढेमागे जवळपास निम्मेनिम्मे. तो हिशेब जुळवण्यासाठी बॅटरीसुद्धा डिकीत नेऊन ठेवलेली. सहा पिस्टन ओळीत असले की त्यांचे धक्के एकमेकांना खोडून काढतात. त्यामुळे २००० साली आलेले तीन लिटरचे, २३१ अश्वशक्तीचे इंजिन दोन लाख किलोमीटरनंतरही बहुधा कुरकुर करत नाही. त्याचे कौतुक भरपूर झाले. मात्र ही मोटार किती वर्षे रस्त्यावर राहील हे इंजिन ठरवत नाही. ते ठरवतो हा विभाग, आणि त्याला आजवर साधे आभाराचे पत्रही गेलेले नाही.

विभागाने पहिल्या मालकाची उत्तम सेवा केली, याची प्रथम नोंद घ्यावी. जर्मनीत अशी नवी मोटार अनेकदा एखादी कंपनी घेते, तीनेक वर्षे वापरते आणि परत करते. त्या काळात एकही नळी फुटत नाही, एकही झडप अडकत नाही. सर्व्हिसचा दिवा जळलेल्या पेट्रोलच्या हिशेबाने लागतो आणि ऑइल पंचवीस हजार किलोमीटरच्या आसपास बदलले तरी चालते. खर्चाच्या तक्त्यात मोटार स्वस्त दिसते. पुढचा खर्च ज्यांच्या वाट्याला येतो त्यांची नावे तेव्हा कोणत्याच तक्त्यात नसतात.

कूलिंग सिस्टिम हे विभागाचे सर्वांत मोठे कार्य. कूलंटची टाकी प्लास्टिकची, रेडिएटरचे तोंड प्लास्टिकचे, थर्मोस्टॅटचे घर प्लास्टिकचे आणि काही वॉटर पंपांचे पातेही प्लास्टिकचे. टाकीचे झाकण दोन बार दाब होईपर्यंत वाफ सोडत नाही. शिवाय थर्मोस्टॅट संगणकाच्या हुकमावर चालतो. ताण कमी असला की तो इंजिन मुद्दाम अधिक गरम ठेवतो, म्हणजे पेट्रोल वाचते. वाचलेल्या पेट्रोलची किंमत प्लास्टिक भरते : दहाएक वर्षांच्या उकाड्याने ते ठिसूळ होते आणि टाकी एखाद्या दिवशी शिवणीवर उभी चिरते. पुढचे काम काही मिनिटांचे. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे असल्याने गरम होताच वाकते, ब्लॉकमधले हेड बोल्टचे आटे निघून येतात आणि स्वस्तातल्या भागासाठी अनेकदा आख्खे इंजिन उतरवावे लागते.

या सर्व प्रकारात तापमानाचा काटा मंत्रालयातल्या मुरलेल्या कक्ष अधिकाऱ्यासारखा मध्यावर स्थिर असतो. चालकाला उगाच काळजी नको म्हणून पाण्याच्या तापमानातला बराच चढउतार त्याच्यापर्यंत पोहोचूच दिलेला नाही. काटा हलला याचा अर्थ निर्णय झालेला आहे. म्हणून जाणते मालक टाकी, होस, थर्मोस्टॅट आणि पंप फुटण्याची वाट पाहत नाहीत. दर लाखभर किलोमीटरला सगळे एकदम बदलतात. हा खर्च दुरुस्तीत धरू नये, घरपट्टीत धरावा.

रबराची कामगिरीही मागे नाही. क्रँककेसमधली वाफ परत इंजिनात नेणारी झडप चिकटली की इंजिन ऑइल खाऊ लागते. कडाक्याच्या थंडीत त्या झडपेच्या नळ्यांतले ऑइल-पाण्याचे मिश्रण गोठते, आणि तेव्हा ऑइल थेट सिलिंडरमध्ये ओढले जाण्याचा धोका असतो. व्हॅल्व्हचे टायमिंग बदलणाऱ्या 'व्हॅनोस' यंत्रणेतले सील कडक झाले की खालच्या वेगात पिकअप जातो. स्वतंत्र उत्पादकांनी अधिक टिकाऊ रबराचे सील बाजारात आणले, तेव्हा हा दोष तुलनेने स्वस्तात सुटू लागला. इनटेक मॅनिफोल्डमध्ये 'डिसा' नावाची एक फडफडती झडप आहे. तिची पिन निखळली तर तुकडे इंजिनाच्या पोटात जातात. एवढी जबाबदारी प्लास्टिकच्या फडफडीवर सोपवण्यास धाडस लागते, ते विभागाकडे होते.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल बदलण्याची गरज नाही, असे कारखान्याचे म्हणणे. काही मोटारींतले हे गिअरबॉक्स झेडएफ या जर्मन कंपनीने बनवले, आणि तीच कंपनी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरदरम्यान किंवा आठ वर्षांनी ऑइल बदला असे सांगते. दोघांपैकी कोणाचे ऐकावे याबद्दल तिसऱ्या मालकाच्या मनात शंका उरत नाही.

न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की एक मोठा दोष या विभागाचा नाही. मागचा ॲक्सल ज्या पत्र्याला बांधलेला असतो तो पत्रा वर्षानुवर्षांच्या हिसक्यांनी स्पॉट वेल्डजवळ तडकतो. बुश सैल झालेले असतील तर लवकर. त्यावर जाड पट्ट्या वेल्ड करणे हा खरा इलाज. घेण्यापूर्वी मोटार लिफ्टवर चढवून हा पत्रा पाहावा. चकाकता रंग नंतर पाहिला तरी चालतो.

कन्व्हर्टिबलच्या मालकाला टपाचा वेगळा विचार करावा लागतो. हायड्रॉलिक पंप, सिलिंडरांचे सील आणि टप कुठवर आले ते सांगणारे छोटे स्विच, यांपैकी एकानेही असहकार केला तर टप अर्ध्यावर थांबते, बहुधा पावसात. टपाच्या खणातून पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पानांनी तुंबल्या की गालिचा भिजतो आणि दोष मात्र कापडाला दिला जातो.

एक भाग कंपनी फुकट बदलून देते : टाकाटा या कंपनीच्या बनावटीची सदोष एअरबॅग. २०२३ साली अमेरिकेत या पिढीसह ९०,००० जुन्या मोटारींच्या मालकांना, एअरबॅग बदलेपर्यंत मोटार चालवूच नका, असे कंपनीने कळवले. भारतात या प्रश्नांची व्याप्ती लहान आहे. चेन्नईचा जोडणी कारखाना २००७ साली सुरू झाला, तोवर या सेडानचे उत्पादन बंद झाले होते.

जर्मनीत दर दोन वर्षांनी तपासणी होते आणि ऑइलची गळती, गंजलेले ब्रेक पाइप तेथे लपत नाहीत. तीस वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या मोटारीस 'एच' नंबरप्लेट मिळते आणि वार्षिक कर १९१ युरो ७३ सेंटवर स्थिरावतो. पहिल्या ई४६ला हा मान २०२८ मध्ये मिळू शकेल. तोवर कूलंटची टाकी दोनदा तरी बदललेली असावी, ही नोंद फाइलला लावावी.

कळावे.

प्रत माहितीसाठी : पहिला मालक, सध्या मुक्काम नव्या मोटारीत.