मिलिमीटरराव

माणूस समोर आला की आपण त्याच्या तोंडाकडे पाहतो. मिलिमीटरराव मनगटाकडे पाहतात. नव्या माणसाशी ओळख करून दिली की ते त्याचा हात हातात घेतात, जरा जास्तच वेळ घेतात, आणि तेवढ्यात त्यांचा अंगठा त्याच्या मनगटावरून एक चक्कर मारून परत आलेला असतो. "साडेसहा इंच. वरून सपाट आहे, बरं झालं. ३८ च्या पुढे जाऊ नका," हे सांगून झालं की मग विचारतात, "आपलं नाव?"

त्यांचं स्वतःचं नाव पगारपत्रकावर आहे आणि तिथेच आहे. फोर्टमधल्या आमच्या विम्याच्या ऑफिसात लिफ्टमनपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना मिलिमीटररावच म्हणतात, तोंडावर म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं. असा एकेक नमुना तुमच्याही ऑफिसात असणार. कुठे तो बुटांचा असतो, कुठे पेनांचा, कुठे गाडीच्या ॲव्हरेजचा. आमचा घड्याळाचा, त्यातही ऑफिसात घालायच्या घड्याळाचा, आणि त्यातही फक्त मापाचा. कंपनी कुठली, किंमत काय, चावीचं की सेलचं, हे सगळं नंतर. "चप्पल घेताना नंबर सांगता, शर्ट घेताना गळा सांगता, मग घड्याळालाच मेलं माप का नको?" या प्रश्नाला आजवर कोणाला उत्तर सुचलेलं नाही.

त्यांच्या ड्रॉवरात व्हर्नियर कॅलिपर असतो. विम्याच्या ऑफिसात त्याचं काही काम नाही, पण कॅन्टीनच्या वेळेत त्याला बसायला फुरसत नसते. कोणी नवं घड्याळ घेणार म्हटलं की त्याला खुर्चीत बसवून मिलिमीटरराव सुरू होतात. लोक व्यास विचारतात, व्यास फसवतो. पट्टा ज्या शिंगांत अडकतो, त्या वरच्या शिंगाच्या टोकापासून खालच्या शिंगाच्या टोकापर्यंत मोजायचं. त्याला लग टू लग म्हणतात आणि खरं माप ते. हे अंतर मनगटाच्या सपाट भागाबाहेर गेलं की घड्याळ मनगटावर बसत नाही, मनगटाला अडकवलेलं दिसतं. ४० मिमीची दोन घड्याळं असतात. एक शिंगांसकट ४६ भरतं, दुसरं ५०. पहिलं तुमचं, दुसरं तुमच्या मेव्हण्याचं. आरशासमोर उभं राहून, हात खाली सोडून बघायचं. मोबाइलवर जवळून फोटो काढला की कुठलंही घड्याळ मोठंच दिसतं. पांढरी तबकडी काळीपेक्षा मोठी वाटते. कड बारीक असेल तर आणखी मोठी. आणि जाडी! जाडी ९ मिमीच्या आत. शर्टाच्या कफाखाली घड्याळ कुरकुर न करता गेलं पाहिजे. इथे ते २००२ सालच्या टायटन एजवर येतात. अख्खं घड्याळ साडेतीन मिमी जाडीचं, आणि आपल्या देशात बनलेलं. हे सांगताना ते खुर्चीत जरा ताठ बसतात.

कफाचा मुद्दा ऐकताना समोरचा माणूस गप्प राहतो, कारण त्याने हाफ शर्ट घातलेला असतो. मे महिन्यात मुंबईत कफाची बटणं लावून हिंडणारा माणूस एकतर वकील असतो, नाहीतर नवरदेव. स्वित्झर्लंडच्या थंडीत ठरलेले नियम आपण चर्चगेटच्या घामात कशाला पाळायचे, असं मी एकदा विचारलं. मिलिमीटररावांनी शांतपणे स्वतःची बाही खाली ओढली, बटण लावलं आणि उरलेला दिवस ते तसेच घामेजत बसून राहिले. बरं, घामाचा अभ्यासही त्यांनी केलेला आहे. दुपारी मनगट फुगतं, म्हणून सकाळी घेतलेलं माप कच्चं धरायचं. पट्ट्याचं भोक संध्याकाळच्या मनगटाला ठरवायचं. चामड्याचा पट्टा आपल्या जुलैत कुजतो आणि वास मारतो, म्हणून मृगाचा पाऊस लागला की त्यांच्या घड्याळाला स्टीलची चेन चढते, ती घट बसेपर्यंत उतरत नाही. वैताग एवढाच की यातलं काहीही खोटं नसतं. माणूस चुकत असता तर त्याला टाळणं सोपं गेलं असतं.

त्यांचं खरं निरीक्षण चालतं ते लोकलमध्ये. डोंबिवलीहून सकाळच्या फास्टला उभं राहिलं की समोर हँडल धरलेल्या हातांची रांग, बाह्या कोपरापर्यंत उतरलेल्या, आणि प्रत्येक घड्याळ बरोबर नाकासमोर. आपण खिसा सांभाळत असतो, ते ठाण्यापर्यंत डावीकडची रांग तपासतात आणि पुढे उजवीकडची. एकदा एका अनोळखी गृहस्थाला त्यांनी दादर यायच्या आत सांगितलं, "साहेब, पट्टा २२ चा घातलाय, घड्याळाला २० लागतो, दाबून बसवलाय. पिन सुटेल." गृहस्थाने घड्याळ काढून खिशात घातलं आणि मिलिमीटररावांपासून दोन माणसं लांब जाऊन उभा राहिला. चोर समजला असावा.

आमच्याकडे नवीन लागलेल्या एका पोराने पहिल्या पगारातून ४६ मिमीचं घड्याळ घेतलं. मोठ्या तबकडीत तीन छोट्या तबकड्या, बाजूला दोन बटणं, कडेने बारीक आकडे. सगळ्यांनी वाहवा केली. मिलिमीटररावांनी चष्मा लावला.

"हे काय रे, बरणीचं झाकण?"

"सर, स्पोर्टी आहे."

"हे कडेचे आकडे कसले, ठाऊक आहे? टॅकिमीटर. एक किलोमीटर जायला किती सेकंद लागले, त्यावरून ताशी वेग सांगतो. येतोस कुठून?"

"नेरूळहून, सर. बाइकने."

"म्हणजे सायन-पनवेल. एक किलोमीटरला साठ सेकंदांच्या वर लागत असणार. आणि ही पट्टी ६० ला संपते, तिच्याखाली आकडाच नाही. तू मानखुर्दच्या सिग्नलला उभा आहेस, हे जगातलं कुठलंही घड्याळ मोजत नाही."

मग गणित. ३६ आणि ४६ मध्ये दहाचा फरक नसतो. व्यास दहाने वाढला की तोंड दीडपटीहून मोठं होतं, क्षेत्रफळ शाळेत शिकवलेलं आहे. मग इतिहास. एवढाली घड्याळं मुळात पानेराईने इटलीच्या नौदलासाठी केली, ४७ मिमीची, पाण्याखाली अंधारात जाणाऱ्या सैनिकांनी जाड पोशाखावरून बांधायची. नव्वदच्या दशकात ती सिल्व्हेस्टर स्टॅलोनच्या मनगटावर गेली, आणि तिथून जगभरच्या ऑफिसांत. "तू कुठे बुडी मारणार आहेस? क्लेमच्या फायलींत?" याच्या उलट १९३२ सालचं पाटेक फिलिपचं कॅलात्रावा, ऑफिसच्या घड्याळांचा मूळपुरुष, ते जेमतेम ३१ मिमीचं. आज दुकानात ३१ मागितलं तर सेल्समन लेडीज काउंटर दाखवतो.

पोराने सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तेच घड्याळ घालून आला. त्याचंही बरोबरच होतं. घड्याळ त्याने मनगटासाठी घेतलंच नव्हतं. गावाकडे, वडील चारचौघांत बसलेले असताना, पारावरून दिसावं म्हणून घेतलं होतं, आणि तिथून ते दिसत होतं. पारापासून मनगटापर्यंतचं अंतर मिलिमीटररावांच्या व्हर्नियरमध्ये मावत नाही.

ऑफिसातलं एकमेव बिनचूक घड्याळ शिपाईमामांकडे आहे, असं त्यांचं मत. एचएमटी जनता, चावीचं, ३५ मिमीच्या आसपास. मामांचे वडील लालबागच्या गिरणीत होते, त्यांचं. १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगलोरला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना निघाला, आणि पुढची कित्येक वर्षं निम्म्या देशाची दहावी आणि निम्म्या देशाचे जावई याच घड्याळांवर पार पडले. माप कोणी विचारलं नाही; होतं तेच माप होतं. २०१६ साली सरकारने तो कारभार गुंडाळला, आणि आता जुन्या एचएमटीच्या तबकड्यांना पोपटी, गुलाबी रंग मारून त्या 'मुंबई स्पेशल' म्हणून खपवल्या जातात. त्या नावाने मुंबईची काय अब्रू राहते, यावर मिलिमीटरराव अर्धा तास बोलू शकतात. मामांच्या घड्याळाला मात्र ते मनोमन हात जोडतात. मामांचं म्हणणं, "मला मापाचं काय कळत नाय साहेब. रोज चावी द्यायची. चालतंय."

अकौंट्सच्या मॅडम वडिलांचं ३६ मिमीचं जेंट्स घड्याळ वापरतात. मिलिमीटररावांनी एकदा भर लंच टाइममध्ये त्यांना सांगितलं, "मॅडम, तुम्हाला शोभतं हं. बायकांनी २६ चीच घालावीत असा कायदा नाही." मॅडम म्हणाल्या, "मी विचारलं होतं का?" त्यानंतर तो विषय निघालेला नाही. मोठ्या साहेबांच्या मनगटावर काळं, चौकोनी, हात हलवला की उजळणारं स्मार्टवॉच आहे. "ते घड्याळ नव्हे, उपकरण," असा मिलिमीटररावांचा निवाडा आहे. तो ते साहेबांच्या केबिनचं दार बंद असताना देतात.

स्वतः त्यांच्याकडे चावीचं, ३६ मिमीचं, पातळ, देखणं घड्याळ आहे. "किती वाजले?" असं विचारलं की ते खिशातून मोबाइल काढतात. बायोमेट्रिकवर ते रोज उशिरा असतात. वहिनी म्हणतात, "सकाळी निघताना आधी मोबाइलमध्ये बघून घड्याळ लावतात. सेकंद जुळेपर्यंत थांबतात. तेवढ्यात गाडी जाते."

आमचे नाना निवृत्त व्हायचे होते. वर्गणी जमली, घड्याळ द्यायचं ठरलं, आणि निवडीचं काम कोणाकडे गेलं ते सांगायला नको. अडचण एकच: भेट गुप्त ठेवायची, मग मनगट मोजायचं कसं? हस्तांदोलनाचा अंदाज त्यांना अशा कामी चालत नाही. ती सोय ऑफिसच्या सत्यनारायणाने केली. गुरुजी सगळ्यांच्या मनगटाला लाल दोरा बांधत होते. नानांची पाळी आली तसे मिलिमीटरराव पुढे सरसावले.

"गुरुजी, यांचा मी बांधतो. नाना, डावा हात."

"अहो, पुरुषांचा उजवा असतो."

"यंदा डावा, नाना."

गुरुजींनी एक नजर टाकली आणि दक्षिणेचा विचार करून सोडून दिलं. मिलिमीटररावांनी गाठ मारली, पुन्हा सोडली, "सैल झाली" म्हणत दोरा काढून घेतला, खांबाआड जाऊन फुटपट्टीला लावला आणि दुसरा दोरा आणून बांधला. सव्वासहा इंच.

मग शोध. फोर्टातली दुकानं झाली, दादर झालं, ठाणं झालं. शेवटी सापडलं: ३६ मिमी, जाडी साडेसात, लग टू लग ४३, पांढरी तबकडी, सोनेरी बारीक काटे, आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा, १८ चा तपकिरी पट्टा. तारखेची खिडकी नाही. सेल्समनने तारखेचं दाखवलं तेव्हा मिलिमीटरराव दुखावले होते. "तबकडीला भोक पाडून त्यातून आकडा बघायचा? ऑफिसची घड्याळं अशी नसतात."

निरोप समारंभात नानांनी डबी उघडली, घड्याळ बांधलं, आणि खरं सांगायचं तर आम्ही सगळेच गप्प झालो. घड्याळ मनगटावर असं बसलं होतं की नाना तसेच जन्मले असावेत. बाही खाली आली, घड्याळ तिच्याखाली अलगद गेलं, परत आलं. मिलिमीटररावांचे डोळे भरले होते. नानांनी हात जवळ घेतला, लांब नेला, चष्मा वर केला, खाली केला.

"फारच सुरेख. तारीख कुठाय?"

"नाना, याला तारीख नसते."

"आणि वार?"

"वारही नसतो. स्वच्छ तबकडी. हेच तर—"

"अहो, आजवर तारीख-वार तुम्ही सगळे सांगत होतात. सोमवार आला की कळायचंच. उद्यापासून मला कोण सांगणार?"

यावर मिलिमीटररावांकडे काहीच नव्हतं, आमच्यापैकीही कोणाकडे नव्हतं. समोसे आले म्हणून बरं.

पुढच्या शनिवारी नाना घड्याळ बदलायला दुकानात गेले. मिलिमीटरराव सोबत गेले; बिल त्यांच्याकडे होतं. मला बळेच नेलं होतं. नानांनी पहिल्या फटक्यात बोट ठेवलं ते ४२ मिमीच्या घड्याळावर. ढब्बू आकडे, अंधारात चमकणारे काटे, तारीख, वार, स्टीलची चेन. त्यांनी चष्मा काढून वेळ वाचून दाखवली. मिलिमीटररावांनी काउंटरवर व्हर्नियर ठेवला.

"लग टू लग?"

"सत्तेचाळीस," सेल्समन म्हणाला.

बराच वेळ ते नानांच्या मनगटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चालेल. शिंगं आखूड आहेत. खाली वळलेली आहेत. चालेल."

"काकांना अजून मोठे आकडे हवे असतील तर याच्यात ४४ पण आहे," असं म्हणत सेल्समन खालचा ट्रे ओढायला लागला.

"बिल करा," मिलिमीटरराव म्हणाले. "बिल करा हो आधी!"