न पिण्याचा परवाना

महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, हे पिणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं आणि न पिणाऱ्यांना ऐकून खोटं वाटतं. पण कायदा 1949 चा आहे, नाव त्याचं दारूबंदीचं आहे आणि त्याच कायद्याखाली उत्पादन शुल्क खातं पिण्याचे परवाने देतं. एका दिवसाचा हवा असेल तर देशीला 2 रुपये, विदेशीला 5. वर्षाचा 100 रुपयांत. आणि एकदाच 1000 रुपये मोजले की आजन्म. पिण्याचं कारणही परवान्यात आधीच लिहिलेलं असतं: आरोग्य राखण्यासाठी. राखलं गेलं की नाही, हे बघायला पुढे कोणी येत नाही. नागरिकावर एवढा विश्वास सरकार दुसऱ्या कुठल्याच खिडकीवर टाकत नाही.

माझ्या एका मित्राकडे असा आजन्म परवाना आहे. फोटो ऐन उमेदीतला, शिक्का ठसठशीत. तो मित्र आता अकरा महिने सोबर आहे. 'आजच्या दिवसापुरता' असं तो लगेच जोडतो, कारण दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगमध्ये तसंच म्हणतात.

व्यसनमुक्ती केंद्रातून सव्वा महिन्यानं तो बाहेर पडला, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, नारळ दिला. अडचण फाटकाबाहेर सुरू झाली. त्याच्या गल्लीच्या तोंडाशी देशीचं दुकान आणि दुकानाच्या तोंडाशी त्याचे बालमित्र. बसस्टॉपवर जायचं तर दोघांनाही ओलांडून जावं लागतं. अशा गल्लीत परतलेल्याची 'स्लिप' होते, म्हणजे पुन्हा पहिला पेग, आणि मग पुन्हा केंद्र, पुन्हा टाळ्या, पुन्हा नारळ.

म्हणून त्याच्यासारख्याच सहा जणांनी ठरवलं की दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्यानं घ्यायचा. स्वयंपाक पाळीपाळीनं, भाडं वाटून, रात्री मीटिंग. नियम एकच: जो पिईल त्यानं त्याच रात्री बॅग भरायची. ही काही यांच्या डोक्यातून निघालेली कल्पना नव्हे. अमेरिकेत मेरीलँडमध्ये 1975 साली 'ऑक्सफर्ड हाऊस' नावानं असंच पहिलं घर सुरू झालं. ना वॉर्डन, ना डॉक्टर. पुढे 1988 च्या कायद्यानं अशी घरं उघडायला 4000 डॉलरपर्यंत कर्ज मिळू लागलं. अनुदान नव्हे, कर्ज. राहणाऱ्यांनीच फेडायचं, म्हणजे तोच पैसा पुढच्या घराला.

आता कोणी म्हणेल, तिथेही घोटाळे झालेच ना? झाले. ॲरिझोनात 'सोबर' घरांच्या पाट्या लावून लोकांनी सरकारी आरोग्य योजनेला न केलेल्या उपचारांची बिलं लावली. त्यासाठी मूळ अमेरिकन जमातींच्या वस्त्यांतून माणसं गाड्यांत भरून आणली. 2023 मध्ये सरकारनं पैसे रोखले, तेव्हा ती माणसं रस्त्यावर आली. त्यामुळे अशा घराला प्रमाणपत्र असावं, याला माझा मित्रही ना म्हणत नाही. तो स्वतःच ते आणायला गेला होता.

खिडकीवरचे साहेब सज्जन होते. त्यांनी आधी विचारलं, "केंद्र की घर?"

हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूचं व्यसन मानसिक आजारात धरलं आहे, त्यामुळे व्यसनमुक्ती केंद्राला राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. हे चांगलंच आहे. बंगल्याला जाळ्या ठोकून आणि माणसं घरातून उचलून आणून चालवलेल्या 'केंद्रां'च्या बातम्या आपण वाचतोच. रुग्णाला साखळीनं बांधायचं नाही, हे त्या कायद्याला वेगळं कलम घालून सांगावं लागलं, यातच काय ते आलं. पण या सहा जणांना कोणी उचलून आणलेलं नाही, दाराला कडी आतून असणार आणि उपचार म्हणाल तर रात्रीची खिचडी. केंद्र म्हणावं तर डॉक्टर कुठाय? घर म्हणावं तर कुटुंब कुठाय?

"अनुदान हवंय का?" साहेबांनी विचारलं. दिल्लीच्या सामाजिक न्याय मंत्रालयाचं अनुदान व्यसनमुक्ती केंद्रांना मिळतं, आणि तिथला हिशेब खाटांवर चालतो. पंधरा खाटांचं केंद्र, तीस खाटांचं केंद्र. "तुमच्या खाटा किती?"

"खाटा नाहीत. गाद्या आहेत. सहा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. गादीला रकाना नव्हता.

पैसा नाही म्हणून असं होत असेल, असा माझा भाबडा समज होता. मग आठवलं, जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं भारतात बनणाऱ्या विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं, देशीवरचंही वाढवलं, आणि यातून वर्षाला 14 हजार कोटी रुपये जादा येतील असा अंदाज सांगितला. जादा बरं का, मूळचे वेगळेच. सरकारनं तसं कुठं लिहून दिलेलं नाही, पण पैशाचा फेरा डोळ्यांना दिसतो: दादला गुत्त्यावर पैसे टाकतो, ते तिजोरीत जातात, तिथून सरकारी योजनेचे दीड हजार होऊन बायकोच्या खात्यात येतात आणि संध्याकाळी दादला तिच्याकडे हात पसरतो. एवढं चोख चाललेलं चक्र, त्यात हे सहा जण न पिण्याचा खडा टाकायला निघाले होते. तसे असले खडे थोडेच. 2019 साली आलेल्या एम्सच्या पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांमागे एकालाच कुठला ना कुठला उपचार मिळतो. उरलेले 37 महसुलाशी एकनिष्ठ आहेत.

पुण्याचं 'मुक्तांगण' 1986 मध्ये उभं राहिलं, तेव्हा पहिला एक लाख पु. ल. आणि सुनीताबाईंनी दिला होता. अनिल अवचटांची गर्दच्या व्यसनावरची लेखमाला वाचून ते अस्वस्थ झाले होते. म्हणजे आपल्याकडे व्यसनमुक्तीचा निधी कसा उभा राहतो, तर आधी कोणीतरी लिहायचं, मग ते विनोदी लेखकानं गंभीरपणे वाचायचं. उत्पादन शुल्क खात्यात वाचनाची आवड असल्याचं ऐकिवात नाही.

असो. परवाना नाही तर नाही, निदान फ्लॅट तरी मिळावा म्हणून सहा जण सोसायटीच्या सभेला गेले. मी सोबत होतो. इमारत चांगली, तळमजल्यावर दोन गाळे, एकात केमिस्ट, दुसऱ्यात परमिट रूम. सभासदांचं म्हणणं एकच होतं: "इथे फॅमिलीवाले राहतात. बेवडे नकोत."

"आम्ही पीत नाही," मित्र म्हणाला.

"आज नाही. उद्याचं काय?"

"उद्याचं आम्हीही बोलत नाही," मित्र म्हणाला. मीटिंगमध्ये या वाक्याला दाद मिळते, इथे नाही मिळाली. एक काकू मात्र कनवाळू निघाल्या. म्हणाल्या, "एवढं सगळं कशाला? पेपरात जाहिरात येते ना, पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा, चहातून पावडर." त्या पावडरीला कुठल्या कार्यालयाचं प्रमाणपत्र आहे, हे त्यांनी विचारलं नाही. मीही विषय वाढवला नाही; ती जाहिरात याच सदराखाली छापून येत असण्याची शक्यता आहे.

मग मतदान झालं. या राज्यात गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर मतपत्रिकेवर बाटली आडवी करावी लागते. आधी पंचवीस टक्के बायकांनी सह्या करून मागणी करायची, मग मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, तर यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारायचा. आमदार एवढ्या मतांनी निवडून यायचा म्हटलं तर विधानसभा ओस पडेल. सहा माणसं आडवी करायला मात्र हजर असलेल्या अकरांपैकी सात हात पुरले.

सगळे उठले. सेक्रेटरींनी मित्राला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता. "हे बघा साहेब, लोकांना काहीतरी कागद लागतो हो. पोलीस व्हेरिफिकेशन, कंपनीचं पत्र, काहीही. सरकारी शिक्का असलेलं एखादं, तुमच्या नावाचं?"

मित्रानं फाईल उघडली. डिस्चार्ज कार्ड निघालं, त्यावर केंद्राचा शिक्का, सरकारचा नाही. अकरा महिन्यांचं मेडल निघालं, त्यावर नाव नाही. तळाशी प्लॅस्टिकच्या पाकिटात आजन्म परवाना होता. मित्रानं तो नाइलाजानं पुढे केला.

सेक्रेटरींनी चष्मा वर करून फोटो पाहिला, शिक्का पाहिला, आरोग्य राखण्यासाठी हे शब्दही दोनदा वाचले. मग खिशातून पाकीट काढून स्वतःचा परवाना शेजारी धरला.

"अहो, हे आधी नाही का दाखवायचं!" ते म्हणाले. "एक तारखेला सामान आणा."