चिरंजीवांनी गेम सोडला

करंजाड्यात पाण्यापेक्षा बातमीला प्रेशर जास्त असतं. आमच्या मजल्यावरच्या चिरंजीवांनी मोबाइलवरचा गेम कायमचा सोडल्याची वार्ता सकाळी दूधवाल्यापर्यंत पोचली, दहाच्या सुमारास लिफ्टमध्ये तिच्यावर चर्चा झाली आणि जेवणवेळेपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. वय चोवीस, शिक्षण बी.कॉम. नोकरी शेजारच्या विमानतळावर लागणार, हे त्याच्या २०१८ च्या भूमिपूजनापासून ठरलेलं. रात्री दोन वाजता भिंतीपलीकडून येणाऱ्या ‘पोचिंकीत उतरू’, ‘नॉक झालो, रिव्हाइव्ह दे’ या आरोळ्या बंद झाल्या. क्राऊनपर्यंत चढवलेली आयडी मावसभावाला देऊन टाकली. या वयात एवढं वैराग्य बघून दोन-चार आयांनी आपापल्या मुलांना दाखवायला त्याला घरी बोलावलं.

गेम माणसाचा वेळ खातो, यावर देशात एकमत आहे. सोडल्यावर वाचलेला वेळ कोण खातं, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. आमच्याकडे तो सोसायटी खाते.

“काय रे, आता मोकळाच आहेस ना?” सेक्रेटरीसाहेबांनी जिन्यात विचारलं आणि उत्तराची वाट न बघता टँकरची पावतीपुस्तिका त्याच्या हातात दिली. काम सोपं. टँकर आला की अंडरग्राउंड टाकीचं झाकण सरकवायचं, उकिडवं बसून काठी आत घालायची आणि ओली खूण कुठवर आली ते बघायचं. पाइप उसळून बाहेर येऊ लागला की चपलेने दाबून धरायचा. ड्रायव्हर ‘फुल भरलाय, साहेब’ म्हणतो; काठी तसं म्हणत नाही; आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून एक काका दोघांनाही खोटं पाडतात. अंगावर चिखल घेऊन चिरंजीव सही करतात. या खेळात रँक नाही, लूट नाही आणि नॉक झालात तर उचलायला स्क्वॉड येत नाही.

मग रांग लागली. पहिल्या मजल्यावरच्या काकूंची गॅसची केवायसी. आजोबांचा पेन्शनसाठी हयातीचा दाखला. ते जिवंत आहेत हे मोबाइलच्या कॅमेऱ्याला पटेना. ‘लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी तर एका घरची झाली की दुसऱ्या घरची बहीण दारात. ओटीपी मुदत संपल्यावर येतो, मग पुन्हा पहिल्यापासून. त्याची आई परवा आमच्या हिच्याशी बोलताना म्हणाली, “वहिनी, गेम खेळायचा तेव्हा निदान डोळ्यांसमोर तरी असायचा हो.”

वडील मात्र समाधानी आहेत. त्यांचा स्वतःचा गेमशी कधी संबंध आला नाही. ते फक्त आयपीएलमध्ये टीम लावायचे. अकरा खेळाडू, एक कॅप्टन, एकोणपन्नास रुपये. याला गेम म्हणत नाहीत, अभ्यास म्हणतात. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावून खेळवल्या जाणाऱ्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा आला. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मात्र खेळ म्हणून मान्यता दिली. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने रात्रभर कोकलणारा मुलगा खेळाडू, आणि वडील ज्या दुकानाचे गिऱ्हाईक ते दुकानच बेकायदा. मुलाने गेम मनाने सोडला, वडिलांना सोडायला संसदेची दोन्ही सभागृहं लागली. ग्रुपवर अभिनंदन झालं ते वडिलांचं. ‘संस्कार, दुसरं काय!’

सभागृहावरून आठवलं. जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत बसलेले असताना त्यांच्या मोबाइलवर रमी दिसत असल्याचा व्हिडिओ बाहेर आला. आपण खेळत नव्हतो, स्क्रीनवर आलेलं स्किप करत होतो, असा त्यांचा खुलासा होता. ३१ जुलैला कृषी खातं गेलं आणि त्यांना मिळालं क्रीडा व युवक कल्याण. आमच्या चिरंजीवांना रात्री दोन वाजता आई विचारायची, “अजून खेळतोयस?” तेव्हा बिचारा खरं सांगायचा: “ऑनलाइन गेम पॉज होत नाही गं.” ‘जाहिरात स्किप करतोय’ एवढं त्याला सुचलं असतं, तर तोही युवकांचं कल्याण करणाऱ्यांच्या रांगेत गेला असता.

गेमचं वेड मात्र खोटं नाही; जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या सुधारित यादीत गेमिंगचा विकार आहे. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याआधी खेळ, आणि नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं. हे साधारण बारा महिने टिकलं तर विकार. ज्यांच्या घरी हे खरोखर घडतं त्यांनी ते हसण्यावारी नेऊ नये, डॉक्टर गाठावा. मी ही तिन्ही लक्षणं आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरच्या पार्किंगच्या वादाला लावून बघितली. तिन्ही बसली. बारा महिन्यांची अट तर आम्ही कधीच ओलांडली.

आणि म्हणे या पिढीला धीर नाही! ‘जीटीए’ या गेमचा पाचवा भाग सप्टेंबर २०१३ मध्ये आला. सहाव्याची तारीख आधी २०२५, मग मे २०२६, मग नोव्हेंबर २०२६ अशी सरकत गेली. पोरं वाट बघतायत, मोर्चा नाही की निवेदन नाही. आमच्या शेजारच्या विमानतळावरून पहिलं विमान २०१९ च्या अखेरीस उडायचं होतं, ते प्रवासी घेऊन २५ डिसेंबर २०२५ ला उडालं. दोन्हींची वाट बघत मोठा झालेला मुलगा टँकरची वाट बघायला घाबरेल, असं सेक्रेटरीसाहेबांना वाटलं नाही, यात त्यांची चूक नाही.

गेल्या आठवड्यात चिरंजीवांनी मावसभावाला फोन केला. आयडी परत मागायला नव्हे, सहज. तिकडे तिची रँक आणखी चढलीय म्हणे. तेव्हा तरुणांनो, गेम सोडायचाच असेल तर जरूर सोडा. झोप लागते, डोळे निवतात, आई नीट बोलते. फक्त सोडल्याचं सोसायटीत कळू देऊ नका. लिफ्टमध्ये शिरताना हेडफोन कानात असू द्या आणि कुणी हाक मारली तर मान वर करू नका. आमच्याकडे खजिनदाराची जागा रिकामी आहे आणि सर्वसाधारण सभा येत्या रविवारी आहे.